हिल सायफर संख्या सिद्धांताने कसा बळकट करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मिनी प्रोजेक्टचे विषय ठरू लागले की ‘जुना सायफर घ्या आणि सुधारा’ हा विषय हटकून निघतो. सायफर म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची रीत. गणिताचे विद्यार्थीही तो घेतात. अशा प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. उदाहरणांतले आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत, म्हणजे ते वहीवर पडताळता येतील. पडताळाच.

सुधारण्यासाठी हिल सायफरच का घ्यायचा?

सीझर सायफरला (प्रत्येक अक्षर ठरावीक घरे सरकवणारा) फक्त २५ उपयोगी की, म्हणजे गुप्त किल्ल्या, आहेत, तो सुधारून हाती फारसे लागत नाही. अफाइन सायफरला (अक्षराच्या आकड्याला गुणून त्यात बेरीज करणारा) २६ अक्षरांवर १२ × २६ = ३१२ की मिळतात, तेही वहीत संपतात. लेस्टर हिल यांनी १९२९ साली मांडलेला सायफर मात्र अक्षरांचे गट घेतो, त्यांना मॅट्रिक्सने गुणतो आणि बाकी काढतो. त्यामुळे मसावि, व्यस्त, मूळ संख्या, घातांक हे सगळे त्यात खरोखर कामाला येते. शिवाय त्याची कमजोरी एका वाक्यात सांगता येते: तो रेषीय आहे, म्हणजे त्यात ठरावीक आकड्यांनी गुणणे आणि बेरीज एवढेच आहे. दुखणे नेमके कळले की औषधही नेमके देता येते.

मॉड २६ मध्ये नेमके काय बिघडते?

मॉड २६ म्हणजे २६ ने भागून उरलेली बाकी, आणि २६ म्हणजे २ × १३. की-मॅट्रिक्स उलटवता यावी म्हणून तिच्या निश्चयकाचा २६ शी मसावि १ असावा लागतो. २ × २ च्या एकूण ४,५६,९७६ मॅट्रिक्सपैकी फक्त १,५७,२४८ ही अट पाळतात, म्हणजे सुमारे ३४ टक्के. यादृच्छिक की निवडली तर तीनपैकी दोनदा ती फेकून द्यावी लागते. त्याहून मोठी अडचण चिनी शेष प्रमेयातून येते. हल्लेखोर आधी सगळे मॉड २ मध्ये सोडवतो (तिथे फक्त ६ की आहेत), मग मॉड १३ मध्ये, आणि शेवटी दोन्ही उत्तरे जोडतो. एका मोठ्या कुलपाऐवजी त्याच्यासमोर दोन लहान कुलपे येतात.

मॉड्युलस, म्हणजे ज्याने भागायचे तो आकडा, मूळ संख्या घेतला की हे दोन्ही दोष एकदम जातात.

मराठीसाठी कोणती मूळ संख्या घ्यावी?

१३१. कारण युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात बरोबर १२८ जागा आहेत. त्यांना क्रमाने ० ते १२७ आकडे द्या. मग १२८ म्हणजे मोकळी जागा, १२९ म्हणजे पूर्णविराम आणि १३० म्हणजे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. एकूण १३१, आणि १३१ मूळ आहे. देवनागरी अंक आणि दंड तक्त्यातच असल्याने त्यांची वेगळी सोय लागत नाही. स्वल्पविराम मात्र बसत नाही. तो हवाच असेल तर पुढच्या मूळ संख्येवर, १३७ वर जा. मग आणखी सहा चिन्हे मावतात.

मॉड १३१ मध्ये उलटवता येणाऱ्या २ × २ मॅट्रिक्स २९,२२,३४,८०० आहेत, म्हणजे एकूण मॅट्रिक्सच्या ९९.२ टक्के. यादृच्छिक की निकामी निघते ती सुमारे १३० पैकी एकदा.

जोडचिन्हाला जागा कशासाठी द्यायची?

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतल्या अर्ध्या र साठी. हा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्ताधारी र (ऱ) आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आकडे मात्र वेगळे असतात. जोडचिन्ह तक्त्यात नसेल तर प्रोग्रॅम तिथेच अडतो, किंवा ते गुपचूप गाळतो आणि उलगडलेला मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही. एन्क्रिप्शनच्या आधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणा आणि अहवालात तशी नोंद करा.

एक शब्द हाताने करून दाखवाल का?

‘नाशिक’ घेऊ. आकडे: न ४०, काना ६२, श ५४, वेलांटी ६३, क २१. पाचच झाले, म्हणून शेवटी मोकळी जागा १२८ घातली.

की: पहिली ओळ ३, ५; दुसरी ओळ २, ७. म्हणजे (अ, आ) या जोडीचे (३अ + ५आ, २अ + ७आ) होते.

(४०, ६२): १२० + ३१० = ४३०, बाकी ३७; ८० + ४३४ = ५१४, बाकी १२१.
(५४, ६३): ४७७, बाकी ८४, ५४९, बाकी २५.
(२१, १२८): ७०३, बाकी ४८, ९३८, बाकी २१.

निकाल: ०३७ १२१ ०८४ ०२५ ०४८ ०२१. तो असाच, तीन-तीन आकड्यांत पाठवा. पुन्हा देवनागरी अक्षरांत बदलू नका. सुट्या मात्रा आणि स्वरचिन्हे शेजारीशेजारी आली की मेसेज अ‍ॅप किंवा एडिटर त्यांना आपल्या मताने हलवतो, गाळतो किंवा एकत्र करतो, आणि समोरच्याला ते उलगडत नाही.

उलट मॅट्रिक्स कशी काढायची?

निश्चयक ३ × ७ − ५ × २ = ११. आता ११ ला कशाने गुणले की १३१ ने भागून बाकी १ उरेल? ११ × १२ = १३२, म्हणून व्यस्त १२. मॅट्रिक्समध्ये ३ आणि ७ यांची अदलाबदल करा, उरलेल्या दोघांची चिन्हे बदला आणि सगळ्यांना १२ ने गुणा: ८४, −६० आणि −२४, ३६. ऋण आकड्यांत १३१ मिळवले की ८४, ७१ आणि १०७, ३६. पडताळा: ८४ × ३७ + ७१ × १२१ = ११,६९९, बाकी ४०. न परत मिळाला.

निश्चयक मोठा असेल तर असा व्यस्त डोळ्याला दिसत नाही. तिथे युक्लिडची विस्तारित रीत वापरा. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दिलेली आणि पुढे कुट्टक म्हणून ओळखली गेलेली रीत हेच काम करते. ती वहीत एकदा पूर्ण लिहून काढावी, नुसत्या लायब्ररीच्या भरवशावर राहू नये.

२९ कोटी की आहेत, म्हणजे सायफर मजबूत झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त प्रोजेक्ट याच ठिकाणी चुकतात. कीची संख्या वाढली, पण सायफर अजून रेषीयच आहे, आणि रेषीय सायफर फोडायला की शोधत बसावे लागत नाही. समीकरण सोडवले की झाले.

समजा, पत्र आपल्या नेहमीच्या पद्धतीने ‘नाशिक दि.’ असे सुरू होते, हे हल्लेखोराला ठाऊक आहे. म्हणजे पहिले चार आकडे ४०, ६२, ५४, ६३ त्याच्या हातात आहेत. सांकेतिक मजकुरातले ३७, १२१, ८४, २५ हे तर उघडेच आहेत. कीच्या पहिल्या ओळीला क्ष, य म्हणा (≡ म्हणजे मॉड १३१ मध्ये सारखे):

४०क्ष + ६२य ≡ ३७
५४क्ष + ६३य ≡ ८४

निश्चयक २,५२० − ३,३४८ = −८२८, मॉड १३१ मध्ये ८९. ८९ चा व्यस्त ५३. म्हणून क्ष = ५३ × (३७ × ६३ − ६२ × ८४) ≡ ५३ × ५ ≡ ३, आणि य = ५३ × (४० × ८४ − ५४ × ३७) ≡ ५३ × ५२ ≡ ५. पहिली ओळ ३, ५. दुसरी ओळही याच रीतीने २, ७ येते. एक शब्द माहीत होता, तेवढ्यावर संपूर्ण की गेली. माहीत असलेल्या जोड्यांचा निश्चयक शून्य निघाला तर हल्लेखोर पुढची जोडी घेतो, एवढाच काय तो उशीर.

मजकुरातले काहीच माहीत नसले तरी उलट मॅट्रिक्सची एक ओळ सुटी तपासता येते. एका ओळीसाठी १३१ × १३१ = १७,१६१ पर्याय आहेत. प्रत्येकाने एक आड एक आकडे उलगडायचे आणि मराठीत काना, अनुस्वार, हलन्त जितक्या वेळा येतात तितके दिसतात का, ते पाहायचे. २९ कोटींची भिंत अशी दोनदा १७,१६१ वर उतरते.

गुणाकारानंतर एक ठरावीक जोडी मिळवली तर?

दोन जोड्या वजा केल्या की ती मिळवलेली जोडी उडून जाते आणि मागे आधीचाच सायफर राहतो. दोनऐवजी तीन जोड्या लागतात, बस. अहवालात ही सुधारणा म्हणून लिहायची असेल तर हेही लिहा.

मग दर गटाला वेगळी जोडी मिळवायची का?

हो, ही पहिली खरी सुधारणा. सारखे गट सारखे दिसणे थांबते आणि वजाबाकीने काही उडत नाही. आता सगळा भार ‘त्या जोड्या येतात कुठून’ यावर पडतो.

‘आधीच्या आकड्याला अमुकने गुणा, तमुक मिळवा, मॉड १३१’ असा सोपा जनरेटर घेऊ नका. त्याचे सलग तीन आकडे कळले की बहुधा तेवढ्यावरच गुणक आणि मिळवणी दोन्ही निघतात, आणि तो १३१ पायऱ्यांच्या आतच पुन्हा फिरतो. संख्या सिद्धांताचा चांगला पर्याय म्हणजे लेनोर ब्लम, मॅन्युएल ब्लम आणि मायकेल शुब यांचा १९८६ चा जनरेटर. दोन मूळ संख्या घ्या, दोन्हींना ४ ने भागून बाकी ३ उरली पाहिजे. त्यांचा गुणाकार हा मॉड्युलस. आकड्याचा वर्ग करत जा आणि दर वेळी फक्त शेवटचा बिट घ्या. १३१ आणि १३९ दोन्ही या अटीत बसतात, गुणाकार १८,२०९. ५० पासून सुरुवात केली तर २,५००, मग ४,३१३, मग १०,५८०. बिट ०, १, ०. हा खेळातला आकडा झाला. याचे बळ मॉड्युलसचे अवयव पाडणे अवघड असण्यावर आहे, आणि १८,२०९ चे अवयव कुणीही पाडेल. अर्थपूर्ण मॉड्युलस शेकडो अंकी लागतो आणि मग जनरेटर फार संथ चालतो. प्रोजेक्टमध्ये हा संथपणा मोजून दाखवा, परीक्षकांना तो भाग आवडतो.

बिटांवरून ० ते १३० चा आकडा करताना एक चूक फार होते. आठ बिट घेतले जातात (० ते २५५) आणि मॉड १३१ केले जाते. त्यात ० ते १२४ हे आकडे दोन वाटांनी येतात, १२५ ते १३० एकाच वाटेने. झुकाव तयार झाला. १३१ किंवा मोठा आकडा आला तर तो टाकून नवे आठ बिट घ्या.

आणि सुरुवातीचा आकडा दर संदेशाला नवा हवा. तोच वापरला तर दोन संदेश एकमेकांतून वजा होतात, जोड्या उडतात, आणि उघडा पडतो पुन्हा तोच रेषीय हिल.

सुरुवातीचा आकडा पिनकोड किंवा जन्मतारखेवरून घेतला तर लक्षात राहील…

हल्लेखोराच्याही. नाशिक शहर आणि परिसराचे पिनकोड ४२२ ने सुरू होतात. उरतात तीन अंक, म्हणजे जास्तीत जास्त १,००० पर्याय. शंभर वर्षांतल्या जन्मतारखा सुमारे ३६,५०० भरतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा सुरक्षित यादृच्छिक स्रोत वापरा.

कापरेकरांच्या ६१७४ वरून की बनवता येईल का?

हा प्रश्न नाशिकमध्ये येणारच. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक होते, आणि इथल्या मुलांना त्यांच्या संख्या वापराव्याशा वाटतात हे फार चांगले आहे. पण या कामाला ती प्रक्रिया उलटी पडते. चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच करा. १९२९ घेतले तर ८६२२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचते. हीच तर तिची शोभा. कीला मात्र याच्या नेमके विरुद्ध वागायचे असते: वेगळी सुरुवात वेगळीच राहिली पाहिजे. इथे ९,९९० संख्या पहिल्याच पायरीत फक्त ५४ निकालांवर येतात. की-जनरेटर कसा नसावा, हे दाखवायला याहून सुंदर उदाहरण नाही; अहवालात त्याच जागी वापरा.

रेषीयपणा खरोखर मोडायचा कसा?

घाताने. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १३१ ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा १३० वा घात मॉड १३१ मध्ये १ असतो. म्हणून घातांक आणि १३० यांचा मसावि १ असेल तर तो घात प्रत्येक आकड्याला वेगळ्या आकड्यावर नेतो आणि उलटवता येतो. १३० = २ × ५ × १३. म्हणजे वर्ग चालत नाही (४० आणि ९१ यांचा वर्ग एकच येतो), पाचवा आणि तेरावा घातही नाही. घन चालतो. उलट घातांक ८७, कारण ३ × ८७ = २६१ = २ × १३० + १.

आपली पहिली जोडी (३७, १२१) घ्या. ३७ चा वर्ग १,३६९, बाकी ५९; ५९ × ३७ = २,१८३, बाकी ८७. १२१ म्हणजे −१०. घन −१,०००, बाकी ४८. जोडी (८७, ४८). इथला ८७ आणि उलट घातांक ८७ हा निव्वळ योगायोग आहे, गोंधळू नका. ०, १ आणि १३० यांचा घन तोच राहतो, म्हणून घनाच्या आधी कीचा आकडा मिळवणे गरजेचे.

घन नेमका कुठे ठेवायचा? आधी की नंतर?

दोन्ही चूक. मॅट्रिक्सच्या आधी ठेवला तर हल्लेखोर माहीत असलेल्या मजकुराचा स्वतःच घन करतो आणि रेषीय समीकरणे सोडवतो. नंतर ठेवला तर सांकेतिक आकड्यांचा ८७ वा घात घेतो आणि पुन्हा तिथेच येतो. घन दोन मॅट्रिक्सच्या मध्ये हवा: गुणा, मिळवा, घन करा, दुसऱ्या मॅट्रिक्सने गुणा, मिळवा. ही एक फेरी.

एका फेरीने भागत नाही. निकालातला प्रत्येक आकडा मूळ दोन आकड्यांतली तिसऱ्या घाताची बहुपदी असतो, आणि तिला फक्त १० सहगुणक असतात. साधारण १० जोड्या माहीत झाल्या की की न कळताच बहुपदी मिळते. फेऱ्या वाढवल्या की सहगुणक असे वाढतात: दोन फेऱ्यांना ५५, तिसरीला ४०६, चौथीला ३,४०३. याकोबसेन आणि नुडसेन यांनी १९९७ साली दाखवलेला इंटरपोलेशन हल्ला तो हाच.

पण २ आकड्यांच्या गटात आणखी एक मर्यादा आहे: गट एकूण १७,१६१ च. फेऱ्या कितीही वाढवा, जोड्यांचा कोशच भरता येतो. म्हणून गट ४ आकड्यांचा करा. गट २९ कोटींवर जातात आणि चार फेऱ्यांनंतर सहगुणक २०,२४,७८५ होतात. आम्ही सुचवतो ते असे: ४ × ४ मॅट्रिक्स, दर फेरीला वेगळी की, किमान आठ फेऱ्या, आणि दर गटाला वेगळी मिळवणी. हाच विचार मोठ्या आकड्यांवर केला की काय लागते, ते २०१६ च्या मिमसी सायफरमध्ये दिसते: तोही घनच वापरतो, पण १२९ बिटांच्या क्षेत्रात आणि ८२ फेऱ्यांनी.

स्वतःचीच उलट असलेली मॅट्रिक्स घेतली तर उलट काढावीच लागत नाही. घ्यावी का?

सोय होते, पण किंमत मोजा. मॉड १३१ मध्ये अशा २ × २ मॅट्रिक्स फक्त १७,२९४ आहेत. २९ कोटींवरून थेट इथे. घेऊ नका.

कोड बरोबर वाटतो, पण उलगडलेला मजकूर चुकतो. कुठे पाहायचे?

आधी ऋण बाकी पाहा. सी आणि जावामध्ये −६० ची मॉड १३१ बाकी −६० च येते, पायथनमध्ये ७१. सी-जावात बाकी काढून १३१ मिळवा आणि पुन्हा बाकी काढा. मग उलट मॅट्रिक्स पाहा: पायथनच्या नमपाय लायब्ररीचे तयार फंक्शन अपूर्णांकातली उलट देते, ती राउंड करून चालत नाही. पायथन ३.८ पासून पॉव फंक्शनला ११, −१, १३१ दिले की सरळ १२ मिळतो. तिसरी जागा म्हणजे भरतीची अक्षरे. मजकूर मुळातच मोकळ्या जागेने संपत असेल तर भरती कुठली, हे कळत नाही. संदेशाची लांबी सुरुवातीला लिहा.

‘बळकट झाला’ हे अहवालात सिद्ध कसे करायचे?

स्वतः हल्ला करून. मूळ हिल, मिळवणीचा हिल, एका फेरीचा आणि आठ फेऱ्यांचा, या प्रत्येकावर वरचा समीकरणांचा हल्ला चालवा आणि किती जोड्यांत तो फुटला ते लिहा. कीच्या संख्येचा तक्ता एकट्याने काही सांगत नाही. मूळ मजकुरातला एक आकडा बदलला की गटातले सगळे आकडे बदलतात का, हे हजारभर गटांवर मोजा. पद्धत लपवून ठेवली म्हणून सुरक्षित, असा युक्तिवाद नको. हल्लेखोराला की सोडून सगळे माहीत आहे असे धरायचे, हे सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगितले आहे.

हा सायफर खऱ्या कामाला वापरू का? दुकानाचे हिशेब, ग्राहकांचे नंबर?

नाही. मजकूर वाटेत कुणी बदलला तर यात कळतच नाही, आणि वर न सांगितलेले हल्लेही आहेत. खऱ्या माहितीसाठी एईएस (आजचा प्रमाण सायफर), जीसीएम पद्धतीने (तिच्यात मजकूर बदलला तर कळते), जुन्या-जाणत्या लायब्ररीतून वापरा. या प्रोजेक्टनंतर एईएसचा आराखडा उघडून बघाच. त्यातली मिक्सकॉलम्स पायरी म्हणजे ४ × ४ मॅट्रिक्सचा गुणाकार, म्हणजे हिलच. एस-बॉक्स (एका आकड्याच्या जागी दुसरा देणारी पायरी) म्हणजे २५६ घटकांच्या क्षेत्रातला व्यस्त आणि त्यावर एक अफाइन पायरी. १२८ बिटांच्या कीला अशा १० फेऱ्या. शेवटच्या फेरीत मिक्सकॉलम्स नसते.